उसन्या कॅप्सूल

सोनाळ्याच्या शाळेवर माझी नेमणूक झाली तेव्हा जिल्हा परिषदा नव्यानंच सुरू झाल्या होत्या. शाळा मिळाली, पण राहायला जागा मिळेना. बुलढाण्यासारख्या शहरगावातून आलेली, एकटी, लग्नाचं नाव न काढणारी बाई घरात कोण ठेवणार? झुंबरबाईंनी ठेवली. दोन खोल्या दाखवल्या, मोरी दाखवली, आणि माझ्या भाड्याबद्दल बोलायच्या आधी मी भाकरी थापू शकते का ते विचारलं. मी नाही म्हणाले. त्यांनी कपाळाला हात लावला आणि संध्याकाळपासून माझं ताट आपल्या चुलीपाशी मांडायला लावलं.

पती वामनराव वारल्यावर सातपुड्याच्या पायथ्याची सगळी शेती या बाईनं एकहाती सांभाळली होती. उंचीनं बेताच्या, आवाजानं मात्र चार घरं पलीकडे ऐकू जातील अशा. मुलगा उत्तमराव आईपुढे तोंड उघडत नसे, आणि त्याचं त्याला काही वाईटही वाटत नसे. सून गीता मेहकरकडची, जानेफळची. सातवी पास. माझ्याकडची जुनी मासिकं ती मागून न्यायची आणि दुपारी सासूला त्यातल्या गोष्टी वाचून दाखवायची. झुंबरबाई ऐकता ऐकता तिचे केस विंचरायच्या. गोष्टीतली सासू छळवादी निघाली की त्या कंगवा थांबवून लेखकाचा उद्धार करायच्या. आमच्या त्या आळीत सासू-सुनेची अशी जोडी दुसरी नव्हती. मला गीता फार आवडायची, हे आधीच सांगून टाकते.

झुंबरबाईंची गावातली खरी सत्ता शेतीमुळे नव्हती, उसन्यामुळे होती. पीठ, डाळ, विरजण, तेल, लग्नाघरची मोठी पातेली, ज्याला जे अडेल ते त्यांच्या दारात मिळायचं. कधी नाही म्हणायच्या नाहीत. वाटी मागितली तर शीग लावून द्यायच्या. पण परत घेताना त्यांचा कायदा कडक होता. जे नेलं तेच परत यायला हवं. एकदा मी त्यांच्या रानातली तुरीची डाळ उसनी नेली आणि बाजारातली आणून परत केली. त्यांनी चार दाणे तळहातावर घेतले, माझ्याकडे पाहिलं आणि वाटी तशीच माझ्या हातात दिली. चांगलीच डाळ होती हो ती. पण त्यांचं म्हणणं असं की उसनं हे सोयीसाठी नसतं, ती दोन घरांमधली इज्जत असते. आज डाळीत हलकंभारी केलं की उद्या माणसात होतं. मला तेव्हा हसू आलं होतं.

सदुसष्ट सालच्या आश्विनात गावात ताप आला. मुदतीचा ताप, म्हणजे डॉक्टरी भाषेत टायफॉइड. गीताही अंथरुणाला खिळली. गावच्या दवाखान्यात नुकतेच आलेले डॉक्टर लक्ष्मीकांत तरुण होते आणि माझ्याच शहरचे. त्यांनी तपासलं आणि कॅप्सूल लिहून दिल्या. दवाखान्यात त्या नव्हत्या. शेगावच्या औषधाच्या दुकानात मिळायच्या, आणि एका माणसाचा ताप पुरा घालवायचा तर दोन दुभत्या शेळ्या बाजारात न्याव्या लागतील एवढी त्यांची किंमत होती. गावातली बहुतेक घरं मग मुदत भरायची वाट बघत बसायची. काही माणसं उठायची, काही उठायची नाहीत. झुंबरबाईंनी वाट बघितली नाही. उत्तमराव त्याच दिवशी शेगावहून पुऱ्या उपचाराच्या कॅप्सूल घेऊन आला. अर्धी टोपी रंगीत, अंगावर कंपनीचं बारीक नाव, काचेच्या बाटल्यांत कापूस घालून ठेवलेल्या. शेजारपाजारच्या बायका त्या बघायला आल्या होत्या.

गीताचा ताप चार-पाच दिवसांत उतरला. ती उठून बसली, मऊ भात मागू लागली. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की ताप गेला तरी कॅप्सूल शेवटपर्यंत घ्यायच्या, नाहीतर तो उलटतो. पण त्याच सकाळी शेजारची तानुबाई दारात आली. तिचा नवरा उकंडराव तापानं बरळत होता. त्यांच्याकडे ना शेळी होती ना गाय, कोरडवाहू तुकडा तेवढा होता. तिनं काही मागितलं नाही. पदर तोंडाला लावून नुसती उभी राहिली.

झुंबरबाईंनी उरलेल्या कॅप्सूल उचलल्या. मी मध्ये पडले. डॉक्टर काय म्हणाले त्याची आठवण दिली. त्या माझ्यावर चिडल्या नाहीत. मला समजावून सांगावं तशा शांतपणे म्हणाल्या, "ताप उतरला ना? मंग बिना तापाच्या मानसाले औषध चारून काय करू? तिकडं उकंडराव मरून राह्यला."

एक माणूस बरं झालेलं दिसत होतं आणि दुसरं मरायला टेकलं होतं. विरजण जसं एका घरातून दुसऱ्या घरात जातं तशा त्या कॅप्सूल तानुबाईच्या घरी गेल्या. तानुबाई म्हणाली, उसन्या नेते, आत्याबाई. झुंबरबाई म्हणाल्या, पयले तुझा मालक उठू दे.

त्याच आठवड्यात दवाखान्यात पत्र्याचा एक मोठा डबा आला. आत कॅप्सूल होत्या, पण पांढऱ्या, साध्या, अंगावर कुणाचं नाव नाही. डब्यावर फक्त औषधाचं नाव होतं आणि इटली देशात बनवल्याची नोंद. सरकारनं साथीसाठी थेट मागवलेला माल होता तो, असं डॉक्टर म्हणाले. मी शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी मला सगळं उलगडून सांगितलं. औषध तेच, पण आपल्याकडे इंग्रजांच्या वेळचा कायदा चालतो, ज्या कंपनीच्या नावावर औषध आहे तिनंच ते विकायचं आणि ती सांगेल त्या भावानं. इटलीत औषधावर अशी मालकी चालत नाही. तिथे कोणताही कारखाना ते बनवू शकतो, म्हणून स्वस्त. मी विचारलं की मग आपण तसं का करत नाही? ते म्हणाले, दिल्लीत चर्चा चालू आहे. आमच्या गावात माणसं तापानं फणफणत होती आणि दिल्लीत चर्चा चालू होती. माझं डोकं फिरलं, पण ते फिरून कुणाचा काय उपयोग?

उकंडरावचा उपचार त्या पांढऱ्या कॅप्सूलवर पुरा झाला आणि तो काठी टेकत ओट्यावर येऊन बसू लागला. गीताच्या कॅप्सूल अर्ध्यावर थांबल्याचं डॉक्टरांना तानुबाईकडूनच कळलं. त्यांनी तानुबाईच्या हाती तेवढ्याच पांढऱ्या कॅप्सूल दिल्या आणि सांगितलं की आजच्या आज नेऊन दे, गीताला पुऱ्या घ्यायला सांग. तानुबाईला दुहेरी आनंद झाला. गीताचं औषधही होत होतं आणि उसनंही फिटत होतं. तिनं पितळेची वाटी चिंचेनं घासली. रिकामं भांडं कुणाच्या दारात न्यायचं नाही, म्हणून तळाशी मूठभर तीळ घातले आणि त्यावर कागदाच्या पुडीत कॅप्सूल ठेवल्या.

अंगणात तेव्हा बायका मूग निवडत बसल्या होत्या. झुंबरबाईंनी पुडी उघडली. मग विचारलं, हे काय आहे? तानुबाईनं सांगितलं. दवाखान्यातून फुकट मिळाल्या हेही तिनं भोळेपणानं सांगितलं, आणि तिथेच घात झाला. झुंबरबाईंचा चेहरा उतरला. रंगीत टोपीचं, नावाचं, भारी किमतीचं औषध या घरातून गेलं होतं, आणि बदल्यात आलं होतं धर्मादाय, बिननावाचं.

"डाक्टर म्हनते, तेच हाये, आत्याबाई," तानुबाई म्हणाली. "माह्या मालकाले यानंच गुन आला."

"तेच असतं तं इतकं सस्तं काऊन असतं?"

अंगणातल्या सगळ्याच बायकांनी जन्मभर हेच पाहिलं होतं की चांगलं कापड महाग असतं, चांगलं बियाणं महाग असतं आणि स्वस्तात मिळतं ते कुणीतरी टाकून दिलेलं असतं. झुंबरबाईंनी पुडी वाटीत ठेवली, वाटी तानुबाईच्या हातात दिली आणि मूग निवडायला बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. तानुबाई मान खाली घालून आली तशी परत गेली, आणि त्या दिवसापासून त्या दोन घरांमधलं येणंजाणं थांबलं.

मी डॉक्टरांना घरी घेऊन आले. ते तासभर बसले, समजावत राहिले. झुंबरबाईंनी त्यांना चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की सून आता ठणठणीत आहे, जरूर पडली तर शेगावहून अस्सल आणू. उत्तमराव भिंतीला टेकून उभा होता. मला त्या दिवशी त्या मायलेकांचा मनापासून राग आला. संध्याकाळी गीता मासिक परत करायला माझ्या खोलीत आली, तेव्हा मी तिच्यावरही चिडले. तुझा जीव आहे, तू का गप्प बसलीस म्हणून विचारलं.

"म्या खाल्ल्या असत्या, बाई," ती हळूच म्हणाली. "पन तानूले साऱ्याइच्या देखत वापस पाठवलं. आता म्या मांगून खाल्ल्या तं आत्याबाईची मान खाली जाईन."

दिवाळी झाली. वेचणीचे दिवस आले आणि घरातलं प्रत्येक माणूस रानात जाऊ लागलं. गीताही जायची. तिचा ताप तिथेच उलटला असावा. सुगीत अंथरूण धरणं बरं दिसत नाही म्हणून तिनं कुणाला सांगितलं नाही. अंग तापलेलं असताना कपाशीच्या ओळींतून फिरत राहिली, आणि एका दुपारी ओटीतला कापूस सांडून बांधावर कोसळली. बैलगाडीत घालून तिला घरी आणलं तेव्हा ती मला ओळखत नव्हती.

डॉक्टर धावत आले. दवाखान्यातला डबा तोवर संपला होता. सातपुड्याच्या पायथ्याची सगळी खेडी त्या एका डब्यावर जगत होती, नवीन माल अजून यायचा होता. झुंबरबाईंनी उत्तमरावला शेगावला पिटाळलं. काय वाटेल ते लागो, अस्सल घेऊन ये म्हणाल्या. शेगावात साथीमुळे माल शिल्लक नव्हता. तो तिथूनच खामगावला गेला. आम्ही वाट बघत होतो. तो दिवस गेला, दुसरा उजाडला, आणि गीताचं पोट दुखायला लागलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की औषध आत्ताच्या आत्ता पोटात जायला हवं, तानुबाईकडे त्या कॅप्सूल अजून असतील का?

हे झुंबरबाईंनी ऐकलं. त्या उठल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चपला न घालता बाहेर पडल्या. मी त्यांच्या मागे गेले. उन्हं चांगली वर आली होती आणि गल्लीतल्या बायका दारादारांत उभ्या होत्या. या बाईनं उभ्या जन्मात कुणाच्या दारात काही मागितलं नव्हतं. तानुबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. झुंबरबाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"तानू," त्या म्हणाल्या, "त्या मले उसन्या दे व."

तानुबाई पिठाच्या हातानंच उठली. फडताळातून पुडी काढली आणि त्यांच्या ओंजळीत ठेवली. "उसन्या कायच्या, आत्याबाई," ती म्हणाली. "तुमच्याच हायेत."

गीताला त्या दिल्या. दिवसभर मी पळीपळीनं पाणी पाजत राहिले. झुंबरबाई तिच्या उशाशी बसून होत्या, तिचे गुंतलेले केस बोटांनी सोडवत होत्या. संध्याकाळी तिचं पोट लाकडासारखं कडक झालं. आतडं फुटलंय, डॉक्टर म्हणाले, आता माझ्या हातात काही नाही. अकोल्याला न्यायला एक मोटार मिळवली होती. ती गावाबाहेर पडण्याआधीच गीता गेली. तिच्या अंगावर तेव्हा मी दिवाळीत दिलेली चोळी होती.

उत्तमराव दुसऱ्या दिवशी, सरण विझल्यावर, खामगावहून रंगीत टोपीच्या कॅप्सूल घेऊन पोचला.

दहावं-तेरावं झालं. माणसं पांगली. एके दिवशी मी शाळेतून आले तर झुंबरबाई ओसरीवर बसल्या होत्या, पुढ्यात एक ताटली. त्यांनी उत्तमरावनं आणलेली एक रंगीत कॅप्सूल उघडून तिची पूड ताटलीत काढली होती आणि शेजारी तानुबाईच्या पुडीत उरलेल्या पांढऱ्यातल्या एकीची. माझ्या देखत त्यांनी पहिलीला बोट लावून जिभेवर ठेवलं. पाण्यानं चूळ भरली. मग दुसरीला लावलं. तोंड वेडंवाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं, पण चूळ भरली नाही.

"दोन्ही सारख्याच कडू हायेत, मास्तरीनबाई," त्या म्हणाल्या.

रंगीत कॅप्सूल त्यांनी सगळ्याच्या सगळ्या दवाखान्यात नेऊन दिल्या. आणि त्यानंतर सोनाळ्यात जे सुरू झालं ते मी दुसरीकडे कुठेच पाहिलं नाही. तापाचा रोगी निघाला की डॉक्टर औषध द्यायचे आणि झुंबरबाई त्या घरी जाऊन बसायच्या. घर कुणाचंही असो. ताप उतरला तरी उठायच्या नाहीत. एका वेळची कॅप्सूल चुकली तर घर डोक्यावर घ्यायच्या. उरलेलं औषध शेजारी द्यायचं कुणाच्या मनात आलं तर त्यांच्यासमोर ते बोलून दाखवायची छाती नव्हती. नव्या डब्यातलं बिननावाचं औषध बघून कुणी नाक मुरडलं, फुकटचं कशाला म्हणालं, तर त्या एवढंच सांगायच्या, "म्या सस्त्या म्हून वापस केल्या. माही सून म्याच मारली. तू खाय." हे ऐकल्यावर कुणी नाही म्हणत नसे. दर वेळी, दर घरात, परक्या माणसांपुढे त्या हे वाक्य बोलायच्या. मी त्यांना म्हणून पाहिलं की एवढं कशाला बोलता, नुसतं औषध घ्या म्हटलं तरी पुरे आहे. त्या म्हणाल्या, नुसतं म्हटल्यानं मी तरी कुठं ऐकलं होतं?

उत्तमरावनं दुसरं लग्न केलं नाही. तानुबाई झुंबरबाईंच्या घरी पुन्हा यायला लागली, आणि उसनं न्यायचं निमित्त नसलं तरी दुपारची येऊन बसायची.

काही वर्षांनी माझी मोताळ्याला बदली झाली. बहात्तर साली वर्तमानपत्रात वाचलं की औषधांचा तो जुना कायदा गेला आणि नवा लागू झाला. आता तेच औषध वेगळ्या रीतीनं बनवून दुसऱ्या कारखान्यांनाही विकता येणार होतं, आपल्याच देशात, परदेशातून डबा येण्याची वाट न बघता. मला राहवेना. पुढच्याच रविवारी मोटारी बदलत सोनाळ्याला गेले. झुंबरबाई थकल्या होत्या, कान मात्र तिखट होते. मी त्यांच्याजवळ बसून सगळी बातमी सांगितली. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. महागाई आता उतरेल, मी म्हणाले, अर्धं औषध कुणाला वाटून द्यायची पाळी येणार नाही, आणि स्वस्त म्हणून कुणी भिणारही नाही.

त्यांनी सगळं नीट ऐकलं. इंग्रजांचा कायदा कधीचा, तो बदलला कुणी, सह्या कुणाच्या लागल्या, असं एकेक विचारत गेल्या. मी मला माहीत होतं ते सांगत गेले.

"म्हंजे हे पयलेई करता येत होतं?"

मी हो म्हणाले.

गीता गेल्यापासून मी या बाईला रडताना पाहिलं नव्हतं. सरणापाशीही नाही. गावभर फिरून त्यांनी एवढी वर्षं दोषी म्हणून एकच नाव घेतलं होतं, आपलं स्वतःचं. आता त्या रडायला लागल्या आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"मंग काऊन नाही केलं, बाई?" त्या म्हणाल्या. "कोनं अडवलं होतं?"

मी त्या रात्री मोताळ्याला परत गेले नाही.